घरबांधणीची मजुरी: रोजावर द्यावी की अंगावर?

प्रश्न:
वाई तालुक्यात 900 चौरस फुटांचं घर बांधायचंय. मटेरियल आमचं, फक्त मजुरी द्यायची आहे. मिस्त्री म्हणतो सगळं चौरस फुटाच्या भावात अंगावर द्या. घरचे म्हणतात, रोजावर माणसं लावली तरच काम नीट होतं. काय करावं?

उत्तर 1:
सगळ्या घराला एकच पद्धत लावू नका. विटकाम, गिलावा, फरशी मोजता येते, ती उक्ती, म्हणजे मापाच्या ठरलेल्या भावात अंगावर द्या. खाली मुरूम आहे की पाषाण हे ठाऊक नसेल तर पायाखोदाई रोजावर. भिंतीत खाचा पाडून टाकायची पाइपलाइनही रोजावरच, कारण ती झाकली गेली की घाई दिसत नाही. रोजावर असताना हजेरी संध्याकाळीच लिहा, गवंडी आणि बिगारी (हाताखालचा मजूर) वेगळे. बिगारी कमी पडला की कालवलेल्या मालाअभावी गवंडी बसून राहतो आणि तुमचा मोठा रोज वाया जातो.

उत्तर 2:
उक्त्या कामात भांडण भावापेक्षा मापावरून जास्त होतं. 9 इंची भिंत ब्रासवर, म्हणजे 100 घनफुटांवर मोजतात. 40 फूट लांब, 10 फूट उंच भिंत (9 इंच म्हणजे 0.75 फूट): 40 × 10 × 0.75 = 300 घनफूट, 3 ब्रास. तिच्यात 3 × 7 चा दरवाजा आणि 4 × 4 ची खिडकी असेल तर 27.75 घनफूट कमी होतात. ही वजावट धरणार की नाही, ते आधीच कागदावर घ्या.

मटेरियल तुमचं आहे, म्हणून ओळंब्यावर (भिंत उभी सरळ आहे का ते बघायची वजनाची दोरी) नजर ठेवा. घाईत उचललेली भिंत वाकडी जाते आणि मग ती गिलाव्याने सरळ करतात. आतला 12 मिमी गिलावा 1:4 मालात (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) 100 चौरस फुटांना साधारण एक गोणी सिमेंट खातो. जाडी 25 मिमी झाली की दोन गोण्या. मजुरी तेवढीच, भुर्दंड तुम्हाला. ओळंबा तपासल्याशिवाय गिलावा सुरू नाही आणि दिवसात पाच फुटांहून उंच भिंत नाही, या दोन अटी भावासोबतच लिहा.

प्रश्नकर्ता:
आणि पैसे मुकादमाच्याच, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्याच्याच हातात द्यायचे का?

उत्तर 3:
हिशेब मुकादमाशी ठेवा, पण बाजाराच्या दिवशी खर्ची (आठवड्याची उचल) वाटताना समोर हजर राहा आणि प्रत्येक मजुराची सही घ्या. मजुरांपर्यंत पैसे पोचले नाहीत तर काम तुमचंच थांबतं. खर्ची झालेल्या कामाच्या मापाने होणाऱ्या रकमेपेक्षा नेहमी कमीच द्या.

सेंटरिंगवाल्याचे (स्लॅबखाली प्लेटा आणि टेकू लावणाऱ्याचे) पूर्ण पैसे स्लॅब टाकल्या दिवशी देऊ नका. प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, म्हणून तो टेकू लवकर काढतो. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखाली टेकू किमान 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस. 6 मीटरपर्यंतच्या बीमखाली 14, त्यापुढे 21. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला आणखी थांबावं लागतं. त्याच्या पैशांचा चौथा हिस्सा टेकू निघेपर्यंत हातात ठेवा.

हजेरीवही जपून ठेवा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मजुराला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तुमच्याकडचे दिवस त्याला लिहून द्या.