मदत हवी आहे: व्हाइट टायगर्सचा जुना बॅज

नमस्कार मंडळी, घरात कुणी नेव्हीत होतं किंवा आहे अशांनी प्लीज वाचा. माझे काका जुन्या विक्रांतवर सी हॉक विमानांचे मेकॅनिक होते, स्क्वॉड्रन आयएनएएस ३००, म्हणजेच व्हाइट टायगर्स. १९६० ला ब्रिटनमध्ये उभी राहिलेली ही स्क्वॉड्रन, ४ डिसेंबर १९७१ ला ह्याच सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले, मग १९८३ पासून सी हॅरियर आली, २०१६ ला ती रिटायर झाल्यावर मिग-२९के, पण वाघ तोच राहिला.

काकांकडे त्यांच्या काळचा कापडी बॅज आहे पण दोरे पार उसवलेत आणि खालची अक्षरं वाचता येत नाहीत. तो तसाच जपायचाय, शेजारी हुबेहूब नवीन भरून एकाच फ्रेममध्ये लावायचाय. २०१४ ला विक्रांत भंगारात निघाली तेव्हा काकांना फार लागलं होतं, आता निदान हे तरी नीट व्हावं.

कुणाकडे सत्तरच्या दशकातल्या बॅजचा क्लिअर फोटो आहे का? सी हॅरियरच्या वेळचा नकोय. आणि कुलाबा, फोर्ट साइडला फौजी बॅज हाताने भरून देणारा कारागीर माहीत असेल तर प्लीज सांगा, मशीनचं काम नको.