मुलांच्या हातांच्या शस्त्रक्रियांचा परदेशातला कॅम्प: ४० जणांच्या यादीतून कोणाला घ्यायचं?

करंगळी
परदेशातल्या एका छोट्या रुग्णालयात स्वयंसेवी टीम जाणार आहे. दोन प्लास्टिक सर्जन, एक भूलतज्ज्ञ, एक ओटी सिस्टर, एक हँड थेरपिस्ट. हातात पाच दिवस. तिथल्या दोन सर्जनना शिकवायचंही आहे. तिकडून फोटोंसह ४० मुलांची यादी आली आहे: जुळलेली बोटं, जादा अंगठे, भाजून आखडलेले हात, थोडे ट्रिगर थंब (वाकून अडकलेले अंगठे) आणि तीन रेडियल क्लब हँड (मनगट जन्मतः अंगठ्याच्या बाजूला वळलेलं). किती घ्यावीत, कोणती सोडावीत, आणि शिकवणं त्यात कसं बसवतात?

हातखंडा
यादी उलट्या बाजूने वाचायला घ्या. टीम परतल्यावर प्लास्टर कोण उघडणार, हाडातली वायर कोण काढणार, हे ज्या मुलाबाबतीत सांगता येत नाही ते मूल यादीतून खाली सरकतं. पहिला दिवस फक्त तपासणीचा. फोटोत हाड दिसत नाही, एक्स-रे समोर हवा. शेवटचा दिवस फेरीचा आणि हस्तांतराचा. उरले तीन. दोन टेबलं धरून १५-१६ मुलं, त्यापुढे हाव नको.

जुळलेली बोटं: साधारण १२ ते १८ महिन्यांचं वय बरं. अंगठा-तर्जनी किंवा अनामिका-करंगळी जुळली असतील तर सहा महिन्यांच्या आसपासच सोडवावी लागतात, कारण लांबी असमान असते आणि आखूड बोट लांब बोटाला वाकवत नेतं. तीन बोटं एकत्र असतील तर मधल्या बोटाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी उघडायच्या नाहीत, रक्तपुरवठा जाण्याचा धोका असतो. म्हणजे किमान तीन महिन्यांनी दुसरा टप्पा. तो कोण करणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर हवं.

ग्राफ्ट (दुसरीकडून काढून लावलेली कातडी) टाळायचा मोह होतो. गणित सोपं आहे: दोन सारखी गोल बोटं एकाच आवरणात असताना परीघ जेवढा, त्यापेक्षा सुटी केल्यावर सुमारे २२ टक्के जास्त कातडी लागते. ती हवेतून येत नाही. ओढून टाके घातले की बोट पांढरं पडतं, नाहीतर पुढच्या काही वर्षांत बेचकी पुन्हा वर सरकते. बेचकीसाठी हाताच्या पाठीकडचा फ्लॅप (मुळाशी जोडलेला ठेवून फिरवलेला कातडीचा तुकडा), बोटांवर नागमोडी छेद, आणि उरलेल्या जागी जांघेच्या बाहेरच्या बाजूची पूर्ण जाडीची कातडी. आतल्या बाजूची घेतली तर वयात आल्यावर बोटावर केस उगवतात. मापासाठी टाक्याच्या पाकिटातली चंदेरी पन्नी वापरा. जखमेवर दाबली की रक्ताचा ठसा उमटतो, त्या रेषेवर कापायची, जांघेवर ठेवायची, पेनने कडा आखायची. टाके विरघळणारेच, ५-० किंवा ६-०. दीड वर्षाच्या मुलाचे टाके काढायला पुन्हा भूल द्यायची वेळ येऊ नये.

जादा अंगठा: 'कापून टाकला की झालं' ही समजूत सगळ्यात महागात पडते. वासेलच्या वर्गवारीत चौथा प्रकार सर्वाधिक दिसतो, त्यात दोन्ही अंगठे एकाच मेटाकार्पलवर (तळहातातल्या हाडावर) बसलेले असतात. बाहेरचा लहान अंगठा काढताना त्याच्यावरची लिगामेंटची पट्टी हाडाच्या आवरणासकट जपून राहणाऱ्या अंगठ्याला जोडायची, अंगठ्याच्या उंचवट्याचा स्नायू पुन्हा शिवायचा, मेटाकार्पलचं रुंद डोकं तासायचं, आणि सांधा चार ते सहा आठवडे के-वायरवर (हाडात घालायची बारीक तार) धरायचा. यातलं काही राहिलं तर अंगठा वाढता वाढता नागमोडी होतो.

रेडियल क्लब हँड तिन्ही सोडा. हा फक्त हाताचा आजार नसतो. हृदय, मूत्रपिंडं, प्लेटलेट यांची तपासणी झाल्याशिवाय भूल नको, फँकोनी अॅनिमियाही (रक्तपेशी कमी होत जाणारा आनुवंशिक आजार) लक्षात ठेवावा लागतो. मनगट सरळ केलं तरी वाढीच्या वयात पुन्हा वळतं, त्यामुळे वर्षानुवर्षं पाठपुरावा लागतो. आणि कोपर वाकत नसेल तर सरळ केलेला हात तोंडापर्यंतच पोचत नाही; वाकडं मनगट त्या मुलाला जेवू घालत असतं. ताण देण्याचे व्यायाम आणि स्प्लिंट (हात योग्य स्थितीत धरणारी पट्टी) मात्र याच दौऱ्यात शिकवून या.

भूलभुलैया
एक दुरुस्ती. भूलतज्ज्ञ एक म्हणजे टेबल एक. एक मूल झोपवून दुसऱ्या टेबलाकडे जायचं नसतं. तिथे दुसरा प्रशिक्षित भूलतज्ज्ञ असेल तरच १५, नाहीतर ९ ते १२ धरा.

वजन आपल्या काट्यावर स्वतः घ्या, फाइलमधलं नको. उपाशी ठेवण्याचा हिशेब: घन पदार्थ सहा तास, आईचं दूध चार, पाण्यासारखी द्रवं दोन. लांबून आलेली मुलं रात्रीपासून उपाशी असतात, म्हणून सगळ्यात लहान मूल सकाळी पहिलं. ताप किंवा छातीत भरलेला खोकला असेल तर दोन-चार आठवडे पुढे ढकलावं लागतं, म्हणजे या कॅम्पमधून ते मूल गेलं. तीन-चार राखीव नावं तयार ठेवा.

काखेतला ब्लॉक (हात बधिर करणारं इंजेक्शन) दिलात तर भूल हलकी चालते आणि मूल जागं होताना शांत असतं. त्यातल्या बधिर करणाऱ्या औषधाची, ०.२५ टक्के ब्युपिव्हाकेनची, कमाल मर्यादा किलोमागे १ मिली, १० किलोच्या मुलाला १० मिली. जांघेत ग्राफ्टच्या जागी सर्जन जे टोचतात तेही यातूनच वजा होतं, आणि चुका नेमक्या इथेच होतात. २० टक्के लिपिड इमल्शन सोबत न्या, या औषधाच्या विषबाधेत त्याचा पहिला डोस किलोमागे १.५ मिली.

टर्निकेटखाली (रक्त थांबवणारा दंडावरचा पट्टा) कापसाचे दोन थर, वेळ फळ्यावर मोठ्या अक्षरात, ९० मिनिटांच्या आत सोडायचं. वीज गेल्यावर ऑक्सिजन कुठून येतो, हे विमानाचं तिकीट काढायच्या आधी विचारा.

करंगळी
एकच टेबल, मान्य. भाजलेल्या हातांचं काय करावं? आणि शिकवण्याचं राहिलंच.

मूठभर
भाजलेल्या हातांबद्दल थेरपीच्या बाजूने: ग्राफ्ट आकसतो. सहा महिने रात्रीचा स्प्लिंट नसेल तर बोट पुन्हा तळव्याकडे जातं. थर्मोप्लास्टिकचे पत्रे नेऊ नका. संपले की तिथे मिळत नाहीत. प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी आणि वेल्क्रो, इतक्यातच स्प्लिंट करायला शिकवा.

लहान मुलांचं प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत हवं, कोपर ९० अंशांपेक्षा थोडा जास्त वाकवून. कोपराखालचं प्लास्टर दोन वर्षांचं मूल मोज्यासारखं काढून फेकतं, ग्राफ्टसकट. दोन-तीन आठवडे ठेवा. बोटांची टोकं उघडी ठेवा आणि आईला दाबून दाखवा: पांढरं होऊन लगेच गुलाबी झालं तर ठीक, निळं किंवा पांढरंच राहिलं तर त्याच घटकेला रुग्णालयात. प्लास्टर ओलं झालं किंवा वास आला तरीही.

हातखंडा
भूलभुलैयांची दुरुस्ती बरोबर आहे, माझा आकडा चुकला.

भाजण्यात दोरीसारखा आखडलेला पट्टा आणि दोन्ही बाजूंना मऊ कातडी असेल तर झेड-प्लास्टी (झेडच्या आकाराचा छेद देऊन कातडीचे दोन त्रिकोण अदलाबदल करणं). ६० अंशांच्या कोनाने कागदावर ७५ टक्के लांबी वाढते, व्रणाच्या कातडीत त्याहून कमी. पसरट व्रण असेल तर पट्टा सोडवून ग्राफ्ट. वर्षानुवर्षं वाकलेल्या बोटाच्या रक्तवाहिन्याही आखूड झालेल्या असतात. पूर्ण सरळ करून वायर घातली, टर्निकेट सोडलं आणि बोट पांढरंच राहिलं, तर कोमट पाण्याचा बोळा ठेवून दहा मिनिटं थांबा. नाहीच परतलं तर वायर काढून बोट थोडं वाकू द्या. राहिलेलं स्प्लिंटने हळूहळू मिळतं.

शिकवायचं म्हणजे सुरी तिथल्या सर्जनच्या हातात, पाहुणा समोर असिस्टंट. आदल्या संध्याकाळी कापडी हातमोज्याची दोन बोटं एकमेकांना शिवा आणि त्यावर नागमोडी छेद त्यांना आखू द्या. कापल्यावर एका बाजूचा त्रिकोण दुसऱ्या बाजूच्या खाचेत बसला नाही, तर चूक कुठे झाली ते न सांगता कळतं. तीन हातमोजे वाया गेले तरी चालतील. शस्त्रक्रियेच्या पहिल्या दिवशी ग्राफ्टवाल्या मोठ्या केसेस घ्या, काही बिघडलं तर टीम अजून तिथेच असते.

ट्रिगर थंब शस्त्रक्रियेच्या शेवटच्या दिवशी, त्यांच्या हातून. वर्षाच्या आतली मुलं सोडा, पुष्कळांचं आपोआप सुटतं. छेद फक्त कातडीपुरता: बाहेरच्या बाजूची संवेदनेची नस (नर्व्ह) तिथे तिरकी आणि अगदी वरवर जाते. ती दिसेपर्यंत ए-१ पुलीला (अंगठ्याच्या मुळाशी कंडरा धरणारं कडं) हात लावायचा नाही.

करंगळी
११ मुलं आणि चार राखीव असं कळवलं. तीन रेडियल क्लबसाठी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि पोटाची सोनोग्राफी करून ठेवायला सांगितलं. सामानात २.५ पट मोठं दाखवणारे लूप (डोळ्यांवरची भिंगं) दोन, ०.७ आणि ०.९ मिमीच्या के-वायर, छोटं टर्निकेट. काही राहतंय?

हातखंडा
वायर कटर आणि वायर ओढायची पकड. पकड परत आणू नका. सहाव्या आठवड्याला ती तिथे लागणार आहे.