फुटक्या कपबशांचा गणपती अंगणात टिकेल का?

बशीफुटकी:
अंगणात दोन फुटी गणपती करायचाय, कायमचा, पावसात उभा राहणारा. फुटक्या कपबशा, उरलेल्या टाइल्स, बांगड्या आणि आरशाचे तुकडे जमवलेत. आत जुनी बादली पालथी घालणार. तुकडे थेट तिच्यावर फेविकॉलने चिकटवू का? आणि देवाला फुटकं चालतं का, असं घरी विचारतायत.

गिलावा:
पांढरा फेविकॉल भिजला की मऊ पडतो. बादली फक्त पोकळी भरायला ठेवा, ताकद जाळीची. भोवती कोंबडी-जाळीचे दोन पदर, सोंडेला नि हातांना 6 मिमीची सळई, सगळं बाइंडिंग वायरने घट्ट. मग 1 भाग सिमेंट, 3 भाग चाळलेली वाळू; पाणी इतकंच की गोळा आकार धरेल. एका वेळी 10-12 मिमीचा थर पुरे. जाड लावलात तर पोटाखाली स्वतःच्या वजनाने सुटतो. पुढच्या थरासाठी ओल्यातच खिळ्याने ओरखडे काढा. शेवटी सात दिवस ओलं गोणपाट. त्यात हयगय झाली की बारीक भेगा पडतात, पाणी शिरून जाळी गंजते आणि गंज फुगून वरचा थर तुकड्यांसकट उचलला जातो.

टाइल_टवका:
खरी गोम कपबशीत आहे. टाइलची मागची बाजू खरखरीत असते. कपबशीला दोन्हीकडे चकाकी, त्यामुळे साधं सिमेंट तिला धरतच नाही. मागची चकाकी ग्राइंडरने खरवडा आणि पॉलिमरवालं टाइल अॅडहेसिव्ह वापरा. पोटाला, गालांना कपाचे बाकदार तुकडे, एक-दीड सेंटीमीटरचे. सपाट टाइल पाटाला. फोडताना पोत्यात घालून हातोडी मारा, चष्मा हवाच. धारा कुरुंदाच्या दगडावर घासा, पोरं हात लावणारच. आरशाचा पारा दमटपणाने कडेपासून काळा पडतो, म्हणून पाठीला नि कडांना आधी इपॉक्सीचा हात द्या. बांगड्या काचेतच रंग असलेल्या घ्या. वरून रंगवलेल्यांचा रंग सोलवटतो.

जुना_पाथरवट:
शास्त्राचं म्हणाल तर भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. इथे मूर्ती अखंड आहे, तुकडे तिचा साज. प्राणप्रतिष्ठा करायची नसेल तर प्रश्नच मिटला. बँकॉकच्या वाट अरुण या बौद्ध मंदिराचा उंच मनोराच चिनीमातीच्या तुकड्यांनी आणि शिंपल्यांनी मढवलाय.

राहिलं सांधे भरायचं. तुकडे लावल्यावर 24 तास थांबा. मधल्या फटी 2-3 मिमीच्या ठेवा. रुंद राहिल्या तर भरणी आकसून तडकते. पांढरं सिमेंट रबरी पट्टीने दाबून भरा, पंधरा-वीस मिनिटांनी पिळलेल्या स्पंजाने पुसा. त्याआधी पुसलंत तर सांध्यातलं निघून येतं, दुसऱ्या दिवसावर ठेवलंत तर तुकड्यांवर पांढरा पापुद्रा बसतो. तो काढायला अॅसिड ओतू नका, सांधेच खाईल.