1210 च्या पोटात 692 आहे की 697?

राजापूरची_चिरेवाली

नमस्कार मंडळी. आमचा चिऱ्याचा ट्रक आहे, टाटा 1210. बाबांनी सेकंडहँड घेतलेला. आता बाबा नाहीत. मी गाडी चालवत नाही, पण डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता, खाणवाल्याची बाकी, सगळं माझ्याच गळ्यात आहे.

गाडी पावसाळाभर माडाखाली ताडपत्री टाकून उभी होती. गणपती झाले की खाणी उघडतील म्हणून गेल्या आठवड्यात ड्रायव्हरने चालू केली. रोज दहा-पंधरा मिनिटं जागेवरच चालवतो. धूर काळा. ऑइल टाकायच्या झाकणाखाली पांढरट लोणी जमलंय आणि रेडिएटरमधलं पाणी दोन दिवसांत तांब्याभर कमी होतं. आमचे मेस्त्री म्हणतात हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला थर, गेलं, हेड उघडतोच आहोत तर पिस्टन-लायनरही करून घ्या.

कोल्हापूरला पार्टच्या दुकानात फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न, "692 की 697?" मी गप्प. आरसी बुकात 4788 सीसी आहे. इंजिनावरची पट्टी गायब आहे. ब्लॉकवर नंबर असावा तिथे गंज आणि रंगाचा थर. मेस्त्री म्हणतात दोन्ही सारखंच. सारखंच असेल तर दुकानदार विचारतो कशाला?

हातखंब्याचा_जुना_पाना

ताई, सारखं नाही. नावातच हिशोब आहे. 6 सिलिंडर आणि 92 मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, झालं 692. 6 सिलिंडर आणि 97 बोअर म्हणजे 697. पहिल्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 120, दुसऱ्याचा 128. गुणाकार केलात तर 692 चे 4788 सीसी येतात आणि 697 चे 5675. तुमच्या बुकातला आकडा 692 चा आहे. पण बुक म्हणजे इंजिन नव्हे. इतक्या जुन्या गाडीत कंपनीतून आलेलं इंजिन अजून तेच असेल यावर मी चहासुद्धा पैजेला लावणार नाही. 97 च्या ब्लॉकवर 92 चं गॅसकेट बसवलं तर त्याची कड बोअरच्या आत डोकावते आणि जळते.

आता नंबर. ग्राइंडर अजिबात लावू नका. घासलेला नंबर दिसला की आरटीओत पहिला संशय चोरीचा येतो. फडकं रॉकेलमध्ये भिजवून रात्रभर त्या जागेवर बांधून ठेवा. सकाळी पितळी ब्रशने हलक्या हाताने साफ करा, वरून खडू चोळा आणि टॉर्च बाजूने आडवा धरा, समोरून नको. खड्ड्यातला खडू पांढरा उठून दिसतो. नंबरची सुरुवात बहुतेक 692 किंवा 697 अशीच सापडेल.

डिझेल फवारणाऱ्या नोझलशेजारी हीटर प्लग आहेत का तेही बघा. असतील तर गोष्ट आणखी जुनी. टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, डेमलर-बेंझशी करार 1954 चा, तो 1969 ला संपला. त्या काळची बेंझची ओएम 312 इंजिनं प्रीचेंबरची, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटायचं, थंडीत प्लग लाल केल्याशिवाय उठत नसत. माझे वस्ताद शेवटपर्यंत टाटाच्या गाडीला बेंझच म्हणायचे.

लांजा_एक्सप्रेस

एवढा व्याप कशाला? एक नोझल काढा, भोकातून सायकलची तार घाला, इंजिन हाताने फिरवा, तार किती वरखाली होते ते मोजा. 120 की 128 लगेच कळेल.

हातखंब्याचा_जुना_पाना

तार सरळ खाली जाईल याची खात्री काय? वाकडी गेली तर आठ मिलिमीटरचा फरक तिथेच हरवला. आणि तुटून आत पडली तर हेड उघडायला मेस्त्रींना आयतं निमित्त.

आंबाघाट_उतार

मी हेडच उघडू देणार नाही, निदान आज तरी. झाकणाखालचं लोणी बघून गॅसकेट गेलं म्हणणं घाईचं आहे. पावसाळी हवा आणि इंजिन रोज फक्त दहा मिनिटं चालतं. ऑइल पुरतं तापतच नाही. आतली वाफ थंड झाकणाला धरते आणि ऑइलमध्ये मिसळून लोणी होतं. आमच्या सगळ्या गाड्यांना श्रावणात होतं.

डिपस्टिक काढून बघा. तिच्यावरचं ऑइलही दुधाच्या चहासारखं असेल तर चिंता. नुसतं काळं असेल तर पुढची परीक्षा करा. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी चालू न करता ऑइल चेंबरचा खालचा नट अगदी हळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. आत पाणी असेल तर आधी तेच टपकेल. थेट ऑइल आलं तर लगेच नट आवळा आणि पाणी दुसरीकडे शोधा. वॉटर पंप, होज, आणि ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेली पत्र्याची गोल झाकणं. ती आतून कुजतात. सुईएवढं भोक पडलं तरी गरम ब्लॉकवर पाणी जागच्या जागी सुकतं, खाली थेंब दिसत नाही, पांढरा ओघळ तेवढा राहतो.

रेडिएटरला पाणी कुठलं वापरता? खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी असेल तर ते आजच बंद करा.

देवगडचो_क्लीनर

चेडवा, हेड-बिड मागसून बघ. आधी एअर क्लीनर उघड. काळो धूर म्हणजे गाडयेक वारो गावना नाय. आमची गाडी अशीच उभी होती, उंदरांनी पायपात घर केल्यानी. आणि फुडच्या पावसाआधी टाकी तोंडापर्यंत भरून ठेव. अर्धी टाकी ऱ्हवली की आत वाफ धरता, तेचा पाणी होता, ता तळाक बसता. पंपात गेला की पंप गेलो.

राजापूरची_चिरेवाली

उशीर झाला, घरात गौरी होत्या. क्रमाने सांगते.

क्लीनरच्या पायपात मूठभर काथ्या आणि सुपारीची सालं निघाली. देवगडकर, तुम्हाला मोदक लागू. धूर त्याच दिवशी गेला.

डिपस्टिक काळी. सकाळी नट सैल केला, मी स्वतः खाली वाटी धरून बसले होते. पहिल्या थेंबापासून ऑइलच.

मग नंबर. खडू चोळल्यावर 697 वाचता आलं. पण त्याआधी फडक्याला जो रंग लागला तो बघून ड्रायव्हर हसायलाच लागला. करड्या थराखाली निळा, होडीला मारतात तसला. सेल्फच्या, म्हणजे स्टार्टरच्या, मागच्या गोल झाकणावर पांढरा ओघळ होता. मेस्त्रींनी नुसता पेचकस टेकवला आणि तो आत गेला. एकेक करून सगळी झाकणं काढली, आतून पापुद्रे नि मिठाची खरड.

रात्री बाबांच्या वह्या काढल्या. एका पानावर, डिझेलच्या दोन नोंदींच्या मध्ये, "इंजिन, साखरीनाट्याहून, 38,000". एवढंच. साखरीनाटे म्हणजे मच्छीमारांचं बंदर. म्हणजे आमच्या ट्रकाचं इंजिन आधी मासेमारीला जात होतं आणि मला ते फोरमवर विचारून कळलं.

पाना काका, आरसीचं काय करू?

हातखंब्याचा_जुना_पाना

इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत करून घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली हा बदल येतो. बुकात एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा असेल तर अपघातानंतर विमावाले नेमकं तेवढंच वाचतात. वडिलांकडे खरेदीची पावती असेल तर ती शोधा, वहीतली ओळ चालणार नाही.

समुद्राचं पाणी प्यायलेला ब्लॉक आहे, तेव्हा पाण्याची वाट दोन-तीनदा धुऊन घ्या आणि कूलंट घाला. ते उन्हासाठी नाही, गंजासाठी. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघताना फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-5-3-6-2-4. एक नंबर फायरिंगवर असताना सहाचे दोन्ही व्हॉल्व्ह हलण्याच्या बेतात असतात, ते बघून एकाचे टॅपेट लावायचे.

राजापूरची_चिरेवाली

धुतलं. पहिल्या खेपेला काढ्यासारखं पाणी आलं, तिसऱ्या खेपेला बरं. नवी झाकणं, कूलंट, ऑइल, फिल्टर झाले. हेडला हात लावला नाही, मेस्त्री जरा रुसलेत. चार दिवस झाले, पाण्याची पातळी जागेवर आहे. पावती शोधतेय, बाबांची ट्रंक अजून उघडायची आहे. गाडी सोमवारी खाणीवर जाईल.