बार्बेक्यूच्या ट्रेमधले गुलाबी मांस कच्चे होते का? आणि अकरा जणांसाठी किती मागवावे?

प्रश्न

मागच्या रविवारी आम्ही घरचे सात आणि मित्रमंडळींपैकी चार असे अकरा जण एका साध्या बार्बेक्यू रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो होतो. लाकडाच्या धुरावर तासन्‌तास शिजवलेले मांस तिथे वजनावर मिळते आणि काउंटरवर आपल्यासमोर कापून, कागद अंथरलेल्या ट्रेमध्ये देतात. आमच्यात दोन लहान मुले होती आणि वहिनी शाकाहारी आहेत. रांगेत मीच पुढे असल्यामुळे सर्वांच्या वतीने ब्रिस्केट (छातीच्या भागाचे गोमांस), रिब्ज (बरगड्या) आणि चिकन मिळून चार किलो मांस एकदमच घेतले.

ट्रे टेबलावर येताच बाबांनी ब्रिस्केटच्या कापांची गुलाबी कड पाहिली आणि ‘हे कच्चे आहे, मुलांना देऊ नका’ असे जाहीर केले. काउंटरवर विचारले असता ‘ते तसेच असते’ एवढेच उत्तर मिळाले, त्यामुळे कोणाचेच समाधान झाले नाही. शेवटी जवळजवळ निम्मे मांस उरले आणि वहिनींनी कोबीच्या सॅलडवर जेवण उरकले. पुढच्या महिन्यात हीच मंडळी पुन्हा जमणार आहेत. ती गुलाबी कड कशाची असते आणि एवढ्या जणांसाठी मागवण्याची योग्य पद्धत कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

आपल्या वडिलांची शंका स्वाभाविक आहे, परंतु ती गुलाबी कड कच्चेपणाची खूण नव्हे. लाकूड जळताना निघणाऱ्या वायूंमध्ये नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड असतात. ते मांसाच्या ओलसर पृष्ठभागात विरघळून आत शिरतात आणि मायोग्लोबिन या रंगद्रव्यातील लोहाशी जोडले जातात. एरवी मायोग्लोबिन तापल्यावर तपकिरी होते, पण हे वायू जोडले गेले की त्याचा गुलाबी रंग कितीही शिजवले तरी टिकून राहतो. वायू फार खोलवर पोहोचत नसल्यामुळे हा रंग कडेलाच, साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास जाडीच्या पट्ट्यात दिसतो. कच्च्या मांसात नेमके उलटे असते, कारण उष्णता बाहेरून आत जाते आणि शिजायचे राहिलेच तर ते मध्यभागी राहते. कड गुलाबी आणि मधला भाग तपकिरी-करडा, असा काप निर्धास्तपणे खावा.

ब्रिस्केटच्या बाबतीत तर कच्चे राहण्याचा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. जनावराच्या छातीचा हा भाग कोलॅजेनने, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाने, भरलेला आणि चिवट असतो. ते कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन व्हावे म्हणून मांस आतून 90 ते 95 अंश सेल्सिअसपर्यंत नेतात, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याने गोमांसाच्या अखंड तुकड्यांसाठी सुरक्षित म्हणून सांगितलेले तापमान मात्र 63 अंशच आहे. कच्चे सोडाच, हे मांस नेहमीच्या हिशेबाने जास्तच शिजवलेले असते आणि म्हणूनच ते मऊ होते. ‘ते तसेच असते’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे होते. मुलांची काळजी करणाऱ्या माणसाला दोन वाक्यांत कारण सांगायला हरकत नव्हती.

दुसरा प्रतिसाद

मांस उरले ते केवळ गुलाबी रंगामुळे नव्हे, मुळात मागवलेच जास्त होते. अशा ठिकाणी वजन बहुधा शिजलेल्या मांसाचे करतात, तेव्हा शिजून घट होईल असा हिशेब धरू नये. मोठ्या माणसाला सुमारे 200 ते 225 ग्रॅम आणि मुलाला त्याच्या निम्मे पुरते. मांस खाणारे आठ मोठे आणि दोन मुले म्हणजे दोन किलो झाले; रिब्ज आणि चिकनमधल्या हाडांसाठी आणखी अर्धा किलो धरावा. सोबतीला बटाटे, मका, पाव असे काही असेल तर तेवढेही संपत नाही.

सगळे एकदम कापून घेऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ब्रिस्केट कापल्यावर लवकर गार होते आणि कोरडे पडते, म्हणून गप्पा रंगणाऱ्या मंडळींनी दोन फेऱ्यांत मागवावे. अडचण इतकीच की दुसऱ्या फेरीपर्यंत ते संपलेले असू शकते आणि मग त्या दिवशी पुन्हा मिळत नाही, कारण एक अखंड ब्रिस्केट शिजायला दहा-बारा तास सहज लागतात. मांसाचे तापमान 70 अंशांच्या आसपास पोहोचले की पृष्ठभागावरील पाण्याचे बाष्पीभवन त्याला घाम आल्यासारखे थंड ठेवते आणि थर्मामीटरचा काटा कित्येक तास हलत नाही. स्वयंपाकी तिथे घाई करू शकत नाही. म्हणून आदल्या दिवशी फोन करून आपला वाटा राखून ठेवायला सांगावे. मागवताना कमी चरबीचा भाग हवा की चरबीदार, तेही स्पष्ट सांगावे, नाहीतर कापणारा हाताला येईल ते देतो. माझे मत विचाराल तर चरबीदारच घ्यावे.

उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे.

तिसरा प्रतिसाद

वहिनींविषयी थोडे लिहितो, कारण मी स्वतः शाकाहारी असून अशा टेबलांवर अनेकदा बसलो आहे. तिथले शाकाहारी वाटणारे पदार्थही विचारूनच घ्यावे लागतात. सॉसमध्ये शिजवलेल्या बीन्समध्ये बहुधा मांसाचे तुकडे असतात, मक्याची कणसे मांसाच्याच जाळीवर भाजलेली असू शकतात आणि काही सॉसमध्ये वूस्टरशर सॉस घातलेला असतो, ज्याच्या पारंपरिक कृतीत अँकोव्ही मासे असतात. मांस राखून ठेवण्यासाठी फोन करालच, तर त्याच वेळी हेही विचारून घ्या. टेबलावर बसल्यावर अकरा जणांसमोर या चौकश्या करणे वहिनींना नक्कीच अवघड वाटले असेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. कडेच्या रंगाचे कारण बाबांना वाचून दाखवले आणि ते त्यांना पटले. त्यांची एक शंका मात्र शिल्लक आहे: चिकन तर हाडाजवळही गुलाबी होते, म्हणजे आतून. मग तिथे वरचा नियम कसा लागू व्हावा?

पहिला प्रतिसाद देणारा

शंका रास्त आहे आणि चिकनला तो नियम लावूच नये. कोवळ्या कोंबडीच्या हाडांतील मगजाचे रंगद्रव्य शिजताना झिरपून आजूबाजूचे मांस लालसर करते, त्यामुळे पूर्ण शिजलेले चिकनही हाडाशी गुलाबी दिसू शकते. उलट काही वेळा पांढरे दिसणारे चिकन पुरेसे तापलेले नसते. इथे रंगावर विसंबून न राहता तापमानच पाहावे. सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर घातल्यावर 74 अंश सेल्सिअस दिसले पाहिजे. शंका आली तर तुकडा काउंटरवर नेऊन त्यांच्या थर्मामीटरने समोरच मोजून मागावा. नीट चालवलेल्या स्वयंपाकघरात तो असतोच आणि कोणी त्याचा राग मानत नाही.