मायएसक्यूएल रेप्लिका शून्य सेकंद मागे दाखवते, पण नोंदी जुळत नाहीत : दुरुस्त करावी की नव्याने उभारावी?

नमस्कार,

आमच्याकडे मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ८.०.३६ आवृत्तीचे दोन सर्व्हर आहेत. मुख्य सर्व्हर पुण्यात आहे, त्याची असिंक्रोनस रेप्लिका (मुख्य सर्व्हरवरचे बदल मागाहून उतरवून घेणारी प्रत) नागपुरात आहे आणि दोन्हींमध्ये २० मेगाबिटची व्हीपीएन जोडणी आहे. जीटीआयडी (प्रत्येक ट्रान्झॅक्शनला मिळणारी स्वतंत्र ओळख) सुरू असून बिनलॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, रो स्वरूपाचा आहे, म्हणजे त्यात बदललेल्या ओळी नोंदल्या जातात. डेटा सुमारे ४०० जीबी आहे. तो जवळजवळ सगळा इनोडीबी या साठवण-प्रकारामध्ये असला, तरी काही फार जुनी टेबले अजून मायआयसॅम या जुन्या प्रकारामध्येच आहेत आणि ती ज्या प्रणालीची आहेत, तिला हात लावण्याची परवानगी सध्या मिळणार नाही.

महिनाअखेरचे अहवाल रेप्लिकेवरून काढले जातात. या वेळी त्यांतली बेरीज मुख्य सर्व्हरवरच्या बेरजेशी जुळेना, म्हणून 'शो रेप्लिका स्टेटस' पाहिले, तर बदल आणणारा आणि ते लावणारा असे दोन्ही थ्रेड चालू, शेवटच्या एररचा रकाना रिकामा आणि विलंब शून्य सेकंद, असे सगळे आलबेल होते. कारण कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सापडले. तिथे 'रेप्लिका स्किप एरर्स'पुढे १०३२ आणि १०६२ हे क्रमांक लिहिलेले होते. म्हणजे बदलायची किंवा पुसायची नोंद रेप्लिकेवर नसली, किंवा घालायची नोंद तिथे आधीच असली, तरी रेप्लिका तो बदल सोडून निमूटपणे पुढे जात होती. ती ओळ काढून सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर थोड्याच वेळात १०३२ चा एरर येऊन रेप्लिकेशन थांबले, ते अजून थांबलेलेच आहे.

रेप्लिकेच्या जीटीआयडी एक्झिक्युटेड संचात, म्हणजे तिच्यावर लागू झालेल्या ट्रान्झॅक्शनच्या यादीत, मुख्य सर्व्हरच्या यूयूआयडीबरोबर (सर्व्हरच्या ओळखक्रमांकाबरोबर) तिचा स्वतःचा यूयूआयडीही दिसतो, त्यामुळे तिच्यावर थेट लेखन झाले आहे यात शंका नाही. रीड ओन्ली सुरू होते, परंतु अहवालाच्या सॉफ्टवेअरच्या खात्याला, रीड ओन्ली ज्यांना अडवत नाही असे, सुपर अधिकार दिलेले होते आणि त्यांनाही अडवणारे सुपर रीड ओन्ली बंद होते. यातले बरेचसे लेखन सारांशाच्या टेबलांचे असले, तरी मूळ टेबलांतल्याही काही नोंदी बदलल्या आहेत. नेमक्या कोणत्या, हे आता सांगता येत नाही, कारण रेप्लिकेवरचे तेव्हाचे बिनलॉग पुसले गेले आहेत.

अडलेला बदल वगळून पुढे जावे, असा सल्ला कृपया देऊ नये. जीटीआयडी सुरू असताना ठरावीक बदल वगळणारा स्किप काउंटर चालत नाही, आणि त्या जीटीआयडीचे रिकामे ट्रान्झॅक्शन घालून पुढे सरकणे म्हणजे इतके दिवस आपोआप होत होते तेच आता हाताने करणे होय.

एका सर्व्हरची पूर्ण प्रत दुसऱ्यावर उतरवणारे क्लोन प्लगइन सर्वांत सोयीचे वाटले होते, पण त्यातून मायआयसॅम टेबले रिकामी येतात. शिवाय जोडणी पूर्ण वेगाने चालली असे धरले, तरी ४०० जीबी यायला ४४ तास लागतील, आणि जागेअभावी मुख्य सर्व्हरवर बिनलॉग ३ दिवसच ठेवले जातात. मध्येच व्हीपीएन तुटली आणि पुढचे बिनलॉग पुसले गेले, तर १२३६ चा एरर येऊन सगळे पहिल्यापासून करावे लागेल. पीटी-टेबल-चेकसम या साधनाने दोन्हीकडच्या टेबलांतला फरक शोधून पीटी-टेबल-सिंक या दुसऱ्या साधनाने तेवढाच भरून काढावा, तर त्यासाठी रेप्लिकेशन चालू असावे लागते, म्हणजे काढून टाकलेला 'रेप्लिका स्किप एरर्स'चा पर्याय पुन्हा घालणे आले.

मुख्य सर्व्हर दिवसा थांबवता येणार नाही. अशा स्थितीत कोणता मार्ग धरावा आणि नंतर दोन्हीकडचा डेटा खरोखर एकच आहे याची खात्री कशी करावी, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद :

काय बदलले हेच माहीत नसताना दुरुस्तीच्या मागे लागू नये, रेप्लिका नव्याने उभारावी. सारांशाची टेबले तेवढी आधी मायएसक्यूएलडंप या साधनाने बाजूला काढून ठेवावीत.

तुमची खरी अडचण वेळेची आहे. बिनलॉग किती सेकंद ठेवायचे हे ठरवणाऱ्या 'बिनलॉग एक्स्पायर लॉग्ज सेकंड्स'ची किंमत सर्व्हर चालू असतानाच वाढवता येते. तात्पुरती जागा मिळवून ती ७ दिवसांची, म्हणजे ६०४८०० करावी, आणि हे प्रत घ्यायच्या आधी करावे. प्रत एक्स्ट्राबॅकअप या बॅकअपच्या साधनाने घ्यावी, कारण त्यात मायआयसॅम टेबलेही येतात. मात्र ती टेबले उतरवून घेताना लेखन अडवले जाते, म्हणून हे काम रात्रीच करावे. प्रत थेट नागपूरला सोडू नये. पुण्यातच कॉम्प्रेस करून डिस्कवर ठेवावी आणि मग आरसिंक या फाइली पाठवण्याच्या साधनाने न्यावी, म्हणजे जोडणी तुटली तरी आधी गेलेल्या फाइली पुन्हा पाठवाव्या लागत नाहीत. (हार्ड डिस्क घेऊन कोणी रात्रीच्या गाडीने नागपूरला जाणार असेल, तर एन्क्रिप्ट केलेली प्रत बहुधा आरसिंकच्या आधी पोहोचेल.)

नागपूरला प्रत प्रिपेअर करून (म्हणजे ती वापरण्याजोगी सुसंगत करून) सर्व्हर सुरू केल्यावर आधी त्याचे बिनलॉग आणि जीटीआयडीचा इतिहास पुसणारी रिसेट मास्टर ही आज्ञा द्यावी, प्रतीबरोबर आलेल्या 'एक्स्ट्राबॅकअप बिनलॉग इन्फो' फाइलमधला जीटीआयडी संच 'जीटीआयडी पर्ज्ड'मध्ये घालावा, म्हणजे हे ट्रान्झॅक्शन आपल्याकडे आधीच आहेत हे रेप्लिकेला कळते, आणि मग ऑटो पोझिशनने (कुठून पुढे घ्यायचे हे जीटीआयडीवरून आपोआप ठरवून) मुख्य सर्व्हरला जोडावे. यामुळे रेप्लिकेचे स्वतःचे भरकटलेले ट्रान्झॅक्शनही निघून जातात. ते तसेच ठेवून उद्या या रेप्लिकेला मुख्य सर्व्हर करण्याची वेळ आली असती, तर बाकीच्या सर्व्हरनी तेच ट्रान्झॅक्शन मागितले असते, आणि त्यांचे बिनलॉग पुसले गेल्यामुळे १२३६ चा एरर येऊन त्यांचे रेप्लिकेशन अडले असते.

रेप्लिकेशन सुरू करण्यापूर्वीच सुपर रीड ओन्ली कॉन्फिगरेशन फाइलमध्ये घालावे. त्याने रेप्लिकेशनचे थ्रेड अडत नाहीत. अहवालाच्या खात्याचा सुपर अधिकार काढून घ्यावा. सॉफ्टवेअरला तात्पुरती टेबले पुरत असतील, तर ती रीड ओन्लीतही बनवता येतात, कायमची हवी असतील तर त्यांच्यासाठी वेगळा सर्व्हर द्यावा.

पडताळणीसाठी रेप्लिका बरोबरीला आल्यावर पीटी-टेबल-चेकसम मुख्य सर्व्हरवर चालवावे. बिनलॉग रो स्वरूपाचा असला तरी ते आपल्या सेशनपुरते स्टेटमेंट स्वरूप (बदललेल्या ओळींऐवजी मूळ आज्ञाच नोंदणारे) वापरते, म्हणून तीच गणना रेप्लिकेवरही होते आणि दोन्हीकडचे निकाल शेजारी ठेवता येतात. मात्र इंडेक्स नसलेल्या टेबलांचे ते तुकडे पाडू शकत नाही आणि त्यांतली मोठी टेबले वगळते. तुमच्याकडे अशी टेबले किती आहेत ते कळवावे. त्यांची तुलना वेगळ्या रीतीने करावी लागेल, आणि प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखवणारा रकाना) नसेल तर रो स्वरूपातले मोठे अपडेट लावताना रेप्लिका त्यांच्यावरच रेंगाळेल.