मदत हवी आहे: बाचीजवळ सुटलेलं कुत्रं गाडीखाली आलं, गाडीचा खर्च कुणाकडं मागायचा?

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या, दोन रात्री नीट झोप नाही.

मी शिनोळीत एका कारखान्यात कामाला, राहायला बेळगावजवळ हिंडलग्यात. सेकंड शिफ्ट सुटली की वेंगुर्ला रोडनं घरी, हे रोजचंच. गेल्या गुरुवारी रात्री पावणेबाराच्या सुमारास शिनोळी मागं टाकलो, कर्नाटकची हद्द लागली, बाची गाव अजून यायचं होतं, समोरून उसाची ट्रॉली आलेली आणि तिच्या लाईटनं काही दिसंना म्हणून मी आधीच गाडी हळू केलो होतो, पन्नासच्या आतच असणार, आणि ट्रॉली बाजूला झाली ना झाली तोवर डावीकडच्या उसातनं एक कुत्रं सुसाट थेट गाडीसमोर. ब्रेक मारलो पण काय उपयोग.

उतरून बघतो तर ते कडेला पडलेलं, दोनदा पाय हलवलं आणि शांत झालं. गळ्यात चामड्याचा पट्टा. मोबाईलचा टॉर्च गाडीवर मारलो तर बंपर फुटलेला, डावा हेडलाईट आत गेलेला, खालनं हिरवं पाणी टपटप गळतंय आणि पुढच्या जाळीत वीतभर साखळीचा तुकडा अडकून लोंबत होता, गाडी बंद केल्यावर पण जरा वेळ हलत होता. म्हणजे मोकाट नव्हतं, बांधलेलं सुटून आलेलं.

दहा मिनिटात दोघं बाईकवरनं आले. पहिलं वाक्य, "काय वो, माझं कुत्रं मारलासा की!" मी हात जोडलो, वाईट वाटतंय म्हटलो, खरंच वाटत होतं, आमच्या घरी पण होतं एक. मग ते म्हणाले मुधोळ जातीचं शिकारी कुत्रं आहे, पंचवीस हजार द्या नाहीतर केस घालतो. मुधोळ असेल नसेल मला कळत नाही, अंगानं सडपातळ होतं एवढं खरं. मी म्हटलो साखळी तुटली ती तुमची, माझ्या गाडीचं कोण देणार? त्यावर नंबरचा फोटो काढून गेले. त्यांचं घर शिनोळीच्या बाजूला, म्हणजे महाराष्ट्रात, आणि कारखान्यात आमच्या शॉपमधल्या एकाच्या लांबच्या नात्यातले निघाले. आपल्याकडं कोण कुणाचा पाव्हणा नाही सांगा.

गाडी वॅगन आर, २०२१ च्या दिवाळीत घेतलेली, केए-२२ पासिंग. फुल इन्शुरन्स आहे पण झिरो डेप (पार्ट जुने म्हणून होणारी कपात टाळणारं जादा कव्हर) नाही, क्लेम आजवर एकपण नाही. उद्यमबागेतल्या गॅरेजवाल्यानं २८,००० चं एस्टिमेट दिलंय, त्यात बंपर, जाळी, हेडलाईट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, पुढची पट्टी, पेंटिंग, मजुरी सगळं. एक घोळ मी पण केलोय. रेडिएटरमध्ये बाटलीतलं पाणी ओतून गाडी तशीच हाणलो, सुळग्यापर्यंत आल्यावर टेम्परेचरचा लाल दिवा लागला तेव्हा बंद केलो आणि टोचन लावून आणलो.

तर आता मालकाकडं पैसे मागायचे की इन्शुरन्समधनं घ्यायचे की दोन्ही, माझ्यावर खरंच केस होते काय, आणि झालीच तर कुठं, कर्नाटकात की महाराष्ट्रात? मित्र म्हणतोय दहा हजार देऊन विषय मिटव. मला ते पटत नाही. गाडी पण माझी फुटली आणि पैसे पण मीच द्यायचे काय?

अनगोळचा_अण्णा
मुका जीव गेला आणि तुला बंपरचं पडलंय. धन्य.

धागाकर्ता
अण्णा, त्या रात्री मीच त्याला उचलून रस्त्याच्या कडेला ठेवलो, मालक तोवर आला पण नव्हता. पण २८,००० कुठनं आणू तेवढं पण सांगा.

सर्वेवाला
मी इन्शुरन्स सर्वेच्याच धंद्यात आहे, म्हणून आधी गाडीचं बोलतो. आज क्लेम टाकला नसाल तर आधी तो टाका, उशीर झाला की पहिला प्रश्न तोच विचारतात. गॅरेजला सांगा काहीही उघडू नका, आणि तो साखळीचा तुकडा आहे तसा जाळीत राहू दे. जाळीत केस चिकटलेले असतात ते धुवून टाकू नका. सर्वेअरला, म्हणजे कंपनीकडनं नुकसान बघायला येतो त्याला, गोष्ट सांगण्यापेक्षा दाखवलेली बरी.

हिशेब असा बसेल. प्लास्टिक पार्टवर ५० टक्के कपात, म्हणजे बंपर, जाळी, हेडलाईट मिळून समजा ९,५०० असतील तर ४,७५० तुमच्या खिशातनं. लोखंड-ॲल्युमिनियमच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात, तुमचं पाचवं वर्ष चालू म्हणजे ३५ टक्के, रेडिएटर वगैरे ११,००० धरलं तर ३,८५०. वर प्रत्येक क्लेममध्ये आपणच भरायचे सक्तीचे १,००० (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला), पेंटच्या मटेरियलचे थोडे. म्हणजे दहाएक हजार तुमचे, अठराएक हजार कंपनी देईल. आता नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. चार वर्षं क्लेम नाही म्हणजे ४५ टक्के चालू असणार, पुढं ५० झाला असता तो शून्यावर येणार, मग २०, २५, ३५, ४५ असं परत चढायचं. ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) मूळ प्रीमियम पाच हजार धरला तर सगळी वर्षं मिळून सव्वासहा हजाराच्या आसपास नुकसान, आणि गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसं त्याहून कमीच. अठरा मिळवायला सहा घालवायचे, तर क्लेम करणं परवडतं. खर्च सात-आठ हजारच असता तर मीच म्हटलो असतो सोडा.

आता तुमचा सुळग्यापर्यंतचा पराक्रम. धडकेनं फुटलं ते मिळतं, पण फुटल्यावर गाडी चालवून जे बिघडलं ते धरत नाहीत. इंजिन तापून त्याचं हेड वाकलं, गॅस्केट गेलं तर ते तुमचंच. हेड चेक करून घ्या. आणि मालकाला दहा हजार देऊन कागद लिहून देऊ नका! कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कुणाला पैसे कबूल करायचे नाहीत अशी अट पॉलिसीतच असते, छापील कागदावर मागच्या पानांवर बारीक अक्षरात. मिटवामिटवीच्या नादात क्लेम घालवून बसलेले लोक मी बघितलेत.

कोर्टातला_काळा_कोट
केसचं मी सांगतो. मालक धमकी देतोय ती बहुतेक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ ची, प्राण्याला मारणं किंवा अपंग करणं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ऐकायला भयंकर आहे पण ते कलम आगळिकीचं आहे, म्हणजे मुद्दाम किंवा जाणूनबुजून केलेलं असावं लागतं. अचानक समोर आलेल्या कुत्र्याला ब्रेक मारूनही लागलं त्याला हे लागत नाही. दुसरं, भरधाव गाडी चालवण्याचं कलम. ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटक हायकोर्टात बेंगळुरूची अशीच केस होती, पाळलेलं कुत्रं गाडीखाली आलेलं, कोर्टानं गुन्हा रद्द केला, ही कलमं माणसाला इजा होण्याबद्दल आहेत, त्यात पाळीव प्राणी बसत नाही म्हणून. मुंबई हायकोर्टानं पण त्याच हिवाळ्यात एका डिलिव्हरी बॉयवरची केस रद्द केली, वर सरकारला २०,००० रुपये द्यायला लावले. तेव्हा पिनल कोड होता, १ जुलै २०२४ पासून नाव-नंबर बदलले, शब्द जवळपास तेच.

उलट कलम २९१ आहे, आपल्या ताब्यातल्या जनावराची नीट काळजी न घेतल्यामुळं माणसाच्या जिवाला धोका झाला तर, सहा महिने किंवा ५,००० दंड किंवा दोन्ही. समोर बाईकवाला असता तर मेला असता हे बोलायला जागा आहे. पण मी तुमच्या जागी असतो तर लगेच हे काढलं नसतं, आधी गाडीचे पैसे बघा.

पैशाचं म्हणाल तर मालकाची जबाबदारी आपोआप लागत नाही. कुत्रं वाघ-सिंहासारखं मुळातच धोकादायक धरत नाहीत, त्यामुळं मालकानं हयगय केली हे तुम्ही दाखवायचं. साखळी हाच तुमचा पुरावा. गंजलेली होती काय, कुत्रं आधी पण सुटायचं काय, गावात कुणी तक्रार केली होती काय, हे विचारून ठेवा. तो म्हणणार तुम्ही वेगात होता, आणि कोर्टाला दोघांचीही थोडी थोडी चूक वाटली तर तुमची रक्कम तेवढी कमी होईल. आणि सर्वेवाल्यांनी सांगितलेले अठरा हजार कंपनीकडनं घेतले तर तेच मालकाकडनं परत मागायचे नाहीत, दिलेल्या पैशापुरता तो हक्क कंपनीकडं जातो. तुम्ही मागायचं ते खिशातनं गेलेलं, दहाएक हजार.

त्याचे पंचवीस हजार? कायद्यात कुत्रं ही त्याची मालमत्ता, म्हणून त्यानं मागणी केलीच तर ती तुमच्या थर्ड पार्टी पॉलिसीत (दुसऱ्याच्या नुकसानीच्या इन्शुरन्समध्ये) येते. नोटीस आली की स्वतः उत्तर न देता इन्शुरन्सला कळवा. तुमची चूक होती हे त्यानं सिद्ध करायचं, आणि मुधोळ असल्याचं पण त्यानंच.

निपाणीचा_बाळू
तुमचं तरी बरं, मालक आहे. माझ्या गाडीला कोगनोळी टोलच्या पुढं हायवेवर कुत्रं लागलं, पट्टा नाही काही नाही, कुणाला विचारणार? ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं हायवेवरची मोकाट जनावरं हटवा म्हणून सांगितलं म्हणे, पण ती जनावरं पेपर वाचत नाहीत. शेवटी इन्शुरन्समधनंच केलो. कायद्याची एक गंमत सांगतो, १८७१ चा गुरं मोकाट सोडण्याचा कायदा आहे, कोंडवाड्याचा, त्यात हत्ती आहे, उंट आहे, डुक्कर पण आहे, कुत्रं तेवढं नाही.

धागाकर्ता
बाळूशेठ 😄 हत्तीला कोंडवाड्यात कोण घालणार?

सर्वेवाले आणि वकीलसाहेब, लई आभार. क्लेम काल रात्रीच टाकलो. एक राहिलं, हद्दीचं. जागा बाचीत, घर शिनोळीत. ठाण्यात गेलो तर कन्नडमध्ये लिहून सही करा म्हणतील, मला बोलता येतं, वाचताना अडखळतो.

कोर्टातला_काळा_कोट
नोंद कर्नाटकातल्याच ठाण्यात करा, जागा तिथली आहे. महाराष्ट्रात गेलात तरी तक्रार घेऊन इकडं पाठवावी लागते, पण उगाच फेऱ्या कशाला. लिहिलेलं वाचून दाखवा म्हणा, ते त्यांना कायद्यानंच करावं लागतं, आणि एफआयआर असेल तर प्रत फुकट मिळते. आपल्याला समजल्याशिवाय सही करायची नाही, कन्नड असो की इंग्रजी. फोटो लोकेशन चालू ठेवून काढलेत ना? तिथं दोनशे मीटरवर राज्य बदलतं.

दिवाणी दाव्याचं मात्र तुम्हाला निवडता येतं. असल्या नुकसानीचा दावा जिथं घटना घडली तिथं किंवा प्रतिवादी राहतो तिथं, कुठंही घालता येतो, म्हणजे बेळगावला घाला किंवा चंदगडला. पण दहा हजारासाठी दावा? वकिलाची फी तेवढी जाईल, मीच सांगतोय. विधी सेवा समितीत (कायद्याची मदत देणारी सरकारी समिती) अर्ज द्या, दावा न घालता लोक अदालतीसमोर ठेवता येतं, कोर्ट फी नाही, आणि तिथं तडजोड झाली की वर अपील नाही. त्यांच्या १५१०० ला फोन लावून विचारा.

धागाकर्ता (अपडेट)
सर्वेअर आले होते. साखळी बघून हसले, बाहेर काढायच्या आधी चार बाजूनं फोटो काढले. हेड वाचलंय, देवाची कृपा. सुळग्याला दिवा लागल्या लागल्या बंद केलो म्हणून, गॅरेजवाला म्हणाला अजून एक किलोमीटर गेला असता तर खर्च डबल. क्लेम सर्वेवाल्यांनी सांगितल्यासारखाच बसतोय, दोन-चारशे इकडं तिकडं.

काल शॉपमधल्या त्या पाव्हण्यानं दोघांना शिनोळी फाट्यावर चहाला बसवलं. पंचवीस हजाराचा विषय मालकानं काढला नाही, मी पण काढलो नाही. साखळीचा फोटो दाखवलो तर बराच वेळ बघत बसला, म्हणाला हूक तुटला होता म्हणून तारेनं बांधली होती, पोरगं सारखं सांगत होतं नवीन आणा म्हणून. कुत्र्याचं नाव राजा होतं. मग म्हणाला उसाचं बिल आलं की तीन हजार देतो, जास्त जमायचं नाही. आता उसाचं बिल कधी येतं हे इथं कुणाला सांगायला नको.

तीन हजार घेतले तर इन्शुरन्सला अडचण येईल काय?

सर्वेवाला
घेण्याआधी कंपनीला मेल टाका, खिशातनं जाणाऱ्या रकमेपैकी हे आहेत असं स्पष्ट लिहा. आणि "आता काहीही येणं नाही" असा कागद सही करून देऊ नका, नाहीतर कंपनीचा वसुलीचा हक्क तुम्ही सोडून दिला असं होतं. फक्त पावती द्या.

धागाकर्ता
टाकलो मेल. गाडी शनिवारी मिळेल म्हणतोय गॅरेजवाला, तोवर कारखान्याची बस. इन्शुरन्सचं उत्तर आलं की इथंच टाकतो.